नांगर सरकला तेव्हा

मस्कतहून कायमचं परतायचं ठरलं, तेव्हा अस्मिताच्या मनात बदलापूरचा फ्लॅट होता आणि प्रमोदच्या मनात शिडाची बोट. तिथल्या बोटयार्डात त्यानं बरीच वर्षं दुसऱ्यांच्या बोटी दुरुस्त केल्या होत्या. आता स्वतःची घ्यावी, मांडव्याला येणाऱ्या पर्यटकांना समुद्रात फिरवावं, असं त्याच्या डोक्यात होतं. २००७च्या दिवाळीनंतर त्यानं एक जुनी बोट घेतली आणि फ्लॅट मागे पडला.

"धंदा लागेपर्यंत बोटीवरच राहू," तो म्हणाला. अस्मिता हो म्हणाली.

आतल्या केबिनमध्ये तिला वाकूनच वावरावं लागे. भात शिजेपर्यंत पातेलं हातानं धरून ठेवायचं. कपडे वाळले तरी मिठानं चिकट लागत. प्रमोदला यातलं काहीच जड जात नव्हतं. तो शीळ घालत दोर गुंडाळायचा, आणि त्या शिळेचा तिला राग यायचा.

जानेवारीतल्या एका दुपारी तो छोटी होडी घेऊन डिझेल आणायला किनाऱ्यावर गेला. वारा वाढला. खिडकीतून रोज जेट्टी दिसायची, तिथं आता खडक दिसू लागले. तिनं फोन लावला.

"नांगर सरकतोय," प्रमोद म्हणाला. "पुढं जा. साखळीची खिटी काढ आणि सगळी साखळी सोड, म्हणजे नांगर रुतेल."

"मला नाही जमणार. तू ये."

"मी पोचेपर्यंत उशीर होईल. फोन ठेव आणि जा."

ती रांगत पुढं गेली. खिटी निघताच साखळी धडधडत सुटली आणि तिच्या तळहाताची कातडी सोलून गेली. बोटीला जोराचा हिसका बसला. मग ती थांबली. खडक इतके जवळ आले होते की त्यांना चिकटलेली कालवं दिसत होती.

प्रमोद एका कोळ्याच्या बोटीतून आला. आल्याआल्या त्यानं ओणवं होऊन सुकाणू पाहिलं, मग साखळी पाहिली.

"वाचली बोट," तो म्हणाला. त्याचा चेहरा फुलला होता. "बघ, जमलं ना तुला?"

अस्मितानं हात ओढणीत गुंडाळून ठेवला होता. त्याला रक्त दिसलं ते नंतर, बोटीच्या फळ्यांवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंबरनाथला, मोरिवलीत सासूकडे आली. गयाबाईंनी हाताची पट्टी पाहिली, पण आधी विचारलं ते दुसरंच.

"भांडून आलीस?"

"भांडले असते तर बरं झालं असतं, आई."

"परदेशात राहिलीस की त्याच्याबरोबर. मग इथं काय झालं?"

अस्मितानं सगळं सांगितलं. रविवारी नवी साडी नेसून गयाबाई म्हणाल्या, "चल, मला दाखव ती बोट."

लाँचमध्येच त्यांना उलट्या झाल्या. बोटीवर त्या डोकं धरून बसल्या. प्रमोदनं पाणी दिलं, ते त्यांनी बाजूला ठेवलं.

"बोट वाहत होती, तेव्हा तुला भीती कशाची वाटली?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायची प्रमोदला सवय नव्हती.

"बोटीची," तो म्हणाला. "हिला काही होईल, हे डोक्यात आलंच नाही."

अस्मिता केबिनमध्ये गेली आणि कपडे बॅगेत भरू लागली. त्यानं अडवलं नाही. मदतीलाही आला नाही.

तिनं बदलापूरला भाड्यानं खोली घेतली, एका कुरिअरच्या ऑफिसात नोकरी धरली. प्रमोद अधूनमधून फोन करायचा. पर्यटक येऊ लागले होते. जूनच्या सुरुवातीला बोट किनाऱ्यावर ओढून ठेवावी लागली, तेव्हा तो तिच्या दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, हात काळवंडलेले.

"पावसाळ्याचे चार महिने समुद्र बंद," तो म्हणाला. "इथं राहू?"

"आणि त्यानंतर?"

"माहीत नाही."

तिला हवं असलेलं उत्तर ते नव्हतं. पण तो खरं बोलला होता. ती बाजूला झाली आणि त्याची पिशवी आत घेतली. कपड्यांना समुद्राचा वास होता. ते तिनं बादलीत भिजत टाकले आणि दोघांसाठी कुकर लावला.