वीस वजा करावेत

मित्रांनो, मी एक जुना रक्तदाबमापक. पत्र्याची लांबट पेटी, आत काचेची उभी नळी, नळीत पारा, एक कापडी पट्टा आणि एक रबरी फुगा, एवढाच माझा संसार. पट्टा माणसाच्या दंडाला गुंडाळायचा, फुगा दाबायचा, की पारा नळीत चढतो आणि माणसाच्या रक्ताचा जोर किती ते सांगतो. मला खोटे बोलता येत नाही. ही बढाई नाही, मित्रांनो. याच गुणाने माझे स्वास्थ्य हरपले आहे.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला तिथे जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या एका बाईंनी माझ्या नळीवर रेघा आखल्या. एक रेघ केसभर सरकली तर त्या ती पुसून पुन्हा आखत. तिथून मी आलो तो थेट बस डेपोच्या दवाखान्यात. दवाखाना म्हणजे एक खोली: टेबल, दोन खुर्च्या, एक पडदा आणि सिस्टर. सिस्टरचे खरे नाव हजेरीपत्रकातच राहिले होते. बायका-पोरे, चालक-वाहक, डेपोचे साहेब, सगळे तिला सिस्टरच म्हणत. दर सोमवारी चालकांचा रक्तदाब तपासायचा आणि ज्याचा जास्त निघेल त्याला त्या दिवशी गाडी द्यायची नाही, हे तिचे काम होते.

त्या रांगेत एक चालक होता, त्याला सगळे ‘तोफ’ म्हणत. आरसा वाकडा असला तरी तोफ डागायचा, चहा गार असला तरी डागायचा. त्याच्या दंडावर पट्टा चढला की माझा पारा उसळी मारायचा. सिस्टर त्याला दहा मिनिटे पडद्यामागे बसवायची. तिथे तो साऱ्या जगाचा उद्धार करायचा आणि मोकळा झाला की पाराही निमूट खाली यायचा. हा माणूस एक दिवस चालवता चालवता जाणार, असे सगळा डेपो म्हणायचा.

आणि दुसरा होता थंडोबा. हा कारकून. कोणत्या चालकाला कोणती गाडी, कोणाला सुट्टी, कोणाची पाळी बदलायची, हे सगळे तो एका काळ्या फळ्यावर खडूने लिहायचा. म्हणजे सत्तर माणसांच्या शिव्यांना एकच कान. कोणाच्या घरी लग्न, कोणाचा गुडघा दुखतोय, सगळे त्याच्याच अंगावर येत. तो मान हलवायचा आणि म्हणायचा, “बघू या, करू काहीतरी.” आवाज चढलेला कोणी कधी ऐकला नाही. स्वतःच्या सुट्टीचा अर्ज मात्र तो खिशात ठेवायचा आणि वर्ष संपले की फाडून टाकायचा.

सिस्टरचा एक नेम होता. सोमवारी रांग सुरू होण्याआधी ती पहिला पट्टा थंडोबाच्या दंडाला बांधायची. त्याचा आकडा ठरलेला, एकशे वीस आणि ऐंशी. तेवढाच आला की यंत्र ठीक. “थंडोबाला लावा, म्हणजे यंत्राला अक्कल येईल,” असे चालक हसून म्हणायचे. तराजूचे वजन तपासायला जसे एक प्रमाण-वजन असते, तसा तो हात होता. मलाही त्याचा अभिमान वाटायचा, खोटे कशाला सांगू?

मग नवे वेळापत्रक आले. गाड्या वाढल्या, चालक मात्र कमी झाले. फळ्यावर रोज सकाळी पाच-सहा गाड्यांना माणूसच उरायचा नाही. फळ्यासमोर आरडाओरडा व्हायचा आणि थंडोबा पुसून पुन्हा लिहायचा. त्या महिन्यातल्या एका सोमवारी माझा पारा एकशे अडतीसवर थांबला. सिस्टरने पुन्हा फुगा दाबला. पुन्हा अडतीस. तिने पट्टा सोडून पारा पाहिला. तो शून्यावर होता, अगदी जिथे हवा तिथे.

“खाली बरोबर आहे,” ती म्हणाली, “वर गेलं की बहकतं वाटतं.”

कोणालाही वाटले असते तसेच तिला वाटले. डोंगर हलेल, थंडोबा हलायचा नाही. मग बिघडले असणार ते यंत्रच. तिने चिकटपट्टीवर सुंदर अक्षरात ‘वीस वजा करावेत’ असे लिहिले आणि माझ्या झाकणाला लावले. त्या दिवसापासून प्रत्येकाच्या आकड्यातून वीस जाऊ लागले. तोफ तर खूश झाला, पडद्यामागे न बसताच पास. महिन्यातून एकदा डॉक्टर यायचे आणि वजा केलेल्या आकड्यांवर सही करून जायचे.

पट्ट्याला बरेच कळते, मित्रांनो. थंडोबाच्या चेहऱ्यावर हसू असायचे, पण दंडाचा स्नायू दगडासारखा झालेला असायचा. दुसऱ्या हाताची मूठ टेबलाखाली असायची, अंगठा आत दाबून धरलेला. मी एकशे बावन्न दाखवले. मी एकशे सत्तर दाखवले. सिस्टरने ‘वीस’ खोडून ‘चाळीस’ केले. मी आणखी काय करायला हवे होते? पाऱ्याला वर चढण्यापलीकडे काही येत नाही.

एका सोमवारी त्याने बाही खाली ओढता ओढता विचारले, अगदी सहज, “सिस्टर, यंत्रच बिघडलंय ना?”

“नाहीतर काय, तुम्ही बिघडणार?” ती हसून म्हणाली.

तोही हसला. मानेमागे हात फिरवला, काहीतरी सांगायला तोंड उघडले आणि दारात चालक खोळंबलेत हे पाहून उठला. तो प्रश्न मला अजून छळतो. त्याला उत्तर माहीत होते. कोणीतरी ‘नाही’ म्हणावे एवढ्यासाठीच त्याने विचारले होते.

आकडे फारच वाढले तेव्हा सिस्टरने मला दुरुस्तीला पाठवले. दुरुस्तीवाल्याने दोन दिवस मला दुसऱ्या यंत्राशेजारी ठेवून ताडून पाहिले आणि चिठ्ठी लिहिली, ‘यंत्रात दोष नाही.’ मी परत आलो. सिस्टरने पेटी उघडली, चिठ्ठी वाचली, आणि तिचा रंगच उडाला. मला काखोटीला मारून ती फळ्याकडे धावली. नेहमीसारखी गर्दी होती. तिने थंडोबाची बाही धरली.

“आत्ताच्या आत्ता चला माझ्याबरोबर.”

“एवढ्या चार गाड्या सुटू देत. आलोच,” तो म्हणाला, त्याच शांत आवाजात. तो आवाज असा होता की घाई करणाराच वेडा वाटावा. सिस्टर थांबली. तीन गाड्या सुटल्या. चौथीचा क्रमांक लिहिताना खडू फळ्यावरून तिरका खाली घसरत गेला आणि त्यामागून तोही. तोफेने त्याला उचलून गाडीत घातले. तिसऱ्या दिवशी इस्पितळात तो वारला.

पंधरा दिवसांनी त्याची बायको आली. सिस्टरसमोर, त्याच्याच खुर्चीत बसली. घरीही ते कधी चिडले नाहीत, म्हणाली, फक्त झोपेत करकरा दात खायचे. मग तिने सिस्टरचे दोन्ही हात हातात घेतले.

“तुम्ही दर सोमवारी बघत होतात, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. तुमचे उपकार आहेत.”

सिस्टरने सांगायला हवे होते. ती फक्त मान हलवत राहिली. बाई गेल्यावर तिने झाकणावरची पट्टी नखाने खरवडून काढली.

आता टेबलावर नवे यंत्र आहे, आपोआप फुगणारे, आकडे उजळून दाखवणारे. मी खालच्या कप्प्यात असतो. तिथल्या अंधारात कधीकधी माझा रिकामा पट्टा आवळल्यासारखा होतो आणि पारा हलतो, एका दगडासारख्या दंडाच्या ठोक्यांवर. कोणाचा दंड ते मला ठाऊक आहे. कप्पा तर बंद असतो.

सिस्टर पूर्वी चिडायची, रडायची, चालकांना दटावायची. आता ती सगळ्यांशी गोड बोलते. डेपोत तिचे कौतुक चालते, एवढे होऊनही बाई किती खंबीर राहिली म्हणून. खोली रिकामी झाली की ती दाराला कडी लावते, मला बाहेर काढते आणि पट्टा स्वतःच्या दंडाला बांधते. नव्या यंत्रावर तिचा विश्वास नाही, माझ्यावर आहे. गेल्या महिन्यात एकशे पासष्ट. परवा एकशे ऐंशी. ती बराच वेळ आकड्याकडे बघते, कुठेही लिहीत नाही, आणि मला कप्प्यात ठेवते. काल तोफेने दार वाजवून तिला विचारले, बरी आहेस ना? ती म्हणाली, मला काय धाड भरलीय! तो बिचारा हसत निघून गेला.

मित्रांनो, रागावणाऱ्याची काळजी सगळे करतात. तुमच्या घरात, वर्गात, शेजारी जो कधीच चिडत नाही, त्याच्याजवळ जाऊन बसा. आणि माझी एवढी एक विनंती ऐका. हा डेपो सापडला तर त्या दारावर पुन्हा थाप मारा. ती म्हणेल, मी बरी आहे. तिचे ऐकू नका. आज सकाळी एकशे शहाण्णव होते.