सहा जागांचं विमान

माझ्या धाकट्या भावाला विमान घ्यायचंय. भाड्याने नव्हे, विकत. पायलट सोडून सहा जागांचं, पांढरंशुभ्र, पुढे पंखा असलेलं. ही बातमी घरात सगळ्यांत शेवटी मला कळली, आणि तीही माझी सही हवी होती म्हणून.

आमचा वजनकाट्यांचा कारखाना आहे. दुकानातल्या लहान काट्यापासून अख्खा ट्रक उभा राहील अशा काट्यापर्यंत सगळं बनतं. वडिलांनी जाताना अर्धा कारखाना मला दिला, अर्धा त्याला. तो बाहेरचं बघतो, म्हणजे कोट घालून हिंडतो. मी तपासणी खातं बघते. काट्यावर प्रमाण वजनं ठेवायची, आकडा जुळला की पाटीवर माझी खूण ठोकायची, नाही जुळला तर काटा परत. पस्तीस वर्षं हेच. मोठी खरेदी दोघांच्या सह्यांशिवाय व्हायची नाही, ही वडिलांचीच अट. नाहीतर या माणसाने आत्तापर्यंत पाणबुडीसुद्धा आणून दारात उभी केली असती.

"ताई, आधी ऐकून तर घे," तो फाइल उघडून म्हणाला. "महिन्यातले अकरा दिवस माझे रस्त्यात जातात. विमान आलं की ते वाचतील."

"वाचवून काय करणार? कारखान्यात बसणार?"

"तसं नाही गं…"

"मग कसं?"

त्याने फाइलचं पान उलटलं. आत रंगीत चित्रं भरपूर होती. मी फाइल मिटली, त्याच्या हातात दिली आणि माझ्या काट्यांकडे वळले. मग त्याने नेमकी दुखरी नस धरली.

"नातवाला बघितलंस का अजून?"

नव्हतं बघितलं. लेक चौदा तासांच्या रस्त्यावर राहते आणि तिचं बाळ आठ महिन्यांचं झालं होतं. बाळंतपणाला जायचं ठरलं, तर ट्रकच्या काट्यांची मोठी ऑर्डर आली. बाराव्या दिवशी जायचं ठरलं, तर सरकारी तपासनीस यायचे होते. मग दर शनिवारी काही ना काही. "ताई, तुझ्याशिवाय कोण बघणार?" असं हाच म्हणायचा, आणि मी पिशवी पुन्हा कपाटात ठेवायची. आमचे हे बरे, निवृत्त माणूस. दोनदा जाऊन आले, तिसऱ्यांदा गेले ते तिकडेच राहिले. रोज फोनवर बाळ दाखवतात. बाळ माझ्याकडे बघत नाही, फोन चाटतं.

"शनिवारी सकाळी बसलीस की दोन तासांत लेकीच्या दारात," भाऊ म्हणाला. "रविवारी संध्याकाळी परत. दर आठवड्याला. विमान काय माझ्या एकट्याचं आहे का? सगळ्यांचं आहे."

खोटं कशाला सांगू, मी विरघळले. त्याच्यासमोर नाही, पण रात्री उशीवर डोकं टेकल्यावर विरघळले. सकाळी म्हटलं, "एक फेरी मारून बघू. मग सही."

झालं! घरात नुसता धुमाकूळ. काका म्हणाले, हौसेला मोल नसतं. हौस याची, अन् मोल अर्धं माझं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. आई म्हणाली, मरायच्या आधी एकदा आकाशातून घर बघायचंय. आई गेली दहा वर्षं मरायच्या आधी काहीतरी मागतेच आहे आणि तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत. भावजयीने नवा गॉगल घेतला. भाच्याने विमानासमोर कसं उभं राहायचं याची तालीम आरशासमोर केली. बापावर गेलाय अगदी.

विकणाऱ्या दलालाने एक अर्ज पाठवला. प्रत्येकाने आपलं वजन लिहून द्यायचं, म्हणजे विमानात किती भार होतो ते कळेल. इंधन आणि पायलट वजा जाता प्रवाशांसाठी चारशे पंचवीस किलो उरत होते. अर्ज माझ्याकडे सगळ्यांत शेवटी आला. मी वरचे आकडे वाचले आणि कपाळाला हात लावला. भाऊ अठ्ठ्याहत्तर. भावजय अठ्ठावन्न. भाचा ऐंशी. काका पासष्ट. आई पंचावन्न.

"अरे, कुणी लग्नासाठी स्थळ बघतंय का तुमचं?" मी विचारलं. "खरं लिहा."

"खरंच आहे!" पाच तोंडांतून एकच आवाज. भावजय फुरंगटून आत गेली. मी माझं लिहिलं, एक्क्याऐंशी. बेरीज झाली चारशे सतरा.

विमानतळ म्हणजे एक लांब पट्टी, एक पत्र्याची शेड आणि काचेची खोली. पायलट बाई होती, कमी बोलणारी. तिने अर्ज वाचला, आम्हा सहाजणांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "एकेकाने काट्यावर या."

"अर्जात लिहिलंय ना?" भाऊ म्हणाला.

"लिहिलंय. या."

भाऊ चढला. एक्क्याण्णव. भावजय, एकोणसत्तर. भाचा, चौऱ्याण्णव. काका बहात्तर, आई एकसष्ट. मी एक्क्याऐंशी. दर वेळी आकडा हिरवा लखलखायचा आणि बाई तो लिहून घ्यायची.

"काटा बिघडलाय," भाचा म्हणाला.

मग सगळ्यांची नजर पाटीवर गेली. काटा आमचाच होता. वर कारखान्याचं नाव, खाली माझी खूण. भावाचं तोंड बघण्यासारखं झालं. काटा बिघडलाय म्हणावं तर धंद्याची अब्रू जाते, बरोबर आहे म्हणावं तर स्वतःची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी पोट धरून हसले. शेवटचं हसले ते.

"चारशे अडुसष्ट," बाई म्हणाली. "त्रेचाळीस किलो जास्त होतात. कुणीतरी एकाने थांबायला हवं. कुणीही चालेल."

कुणीही. आई थांबली असती तरी भागत होतं, भाचा थांबला असता तर पुरून उरत होतं. पण कुणी कुणाकडे बघितलं नाही. पाचही जणांनी माझ्याकडे बघितलं.

"ताई, तू पुढच्या वेळी ये," भाऊ म्हणाला.

"मी का? मी एकटीने खरं लिहिलं होतं!"

"अगं, आजची फेरी नुसती इथल्या इथे आहे. वर जायचं, खाली यायचं. आई आता कितीदा येणार? काकांचे गुडघे, ते पुन्हा एवढ्या लांब यायचे नाहीत. आणि हिने तर…" तो बायकोच्या गॉगलकडे बघून थांबला.

"पोरी, तू समजूतदार आहेस," आई म्हणाली आणि पायरीवर पाय ठेवला.

मला बोलायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण पस्तीस वर्षांची सवय, मी आईची पर्स वर उचलून दिली. दार लागलं आणि पंखा फिरला. धुळीत उभी राहून मी हातसुद्धा हलवला, मूर्खासारखा.

काचेच्या खोलीत दलालाने कॉफी दिली आणि कागद पुढे सरकवले. भावाची सही आधीच झालेली होती. "तुम्ही इथे केलीत की झालं," तो म्हणाला. मी पेन घेतलं आणि त्याला विचारलं, "समजा घेतलं. शनिवारी मला लेकीकडे जायचंय आणि त्याच वेळी यांना कुठे जायचं असेल, तर?"

"ते मॅडम, तुमचं घरातल्या घरात ठरेल ना."

घरातल्या घरात काय ठरतं ते मी आत्ताच बघून आले होते. मी लेकीला फोन लावला आणि काटा, गॉगल, गुडघे, सगळं एका दमात ओकले. मागे बाळ रडत होतं.

"काय झालं त्याला?"

"काही नाही, शेजारीण आलीये. आता अनोळखी चेहरा दिसला की भोकाड पसरतो. माणसं ओळखायला लागलाय."

"मी आले तर?"

"पसरेल थोडा वेळ. पण आई, विमानाचं कशाला घेऊन बसलीस? बस रोज सुटते. बाबा तीन वेळा आले."

ती टोमणा मारत नव्हती, हेच जास्त लागलं. आठ महिने बस रोज सुटत होती. मला ते माहीत नव्हतं का? कारखाना माझ्यावाचून अडेल हे ऐकायला मला गोड वाटत होतं, म्हणून मी थांबत होते. भाऊ हरभऱ्याच्या झाडावर चढवायचा आणि मी खुशाल चढून बसायची. त्याच्यावर चिडायला मला जन्म पुरला नसता, पण त्या क्षणी मी सगळ्यांत जास्त चिडले ती स्वतःवर. डोळ्यांत पाणी आलं. दलालाने टिशूचा डबा पुढे केला, कागदांच्या वर. मी पेनला टोपण लावून ते त्याला परत दिलं.

विमान उतरलं. भाऊ लाल चेहऱ्याने धावतच आला. "ताई, वरून आपला कारखाना काडेपेटीएवढा दिसतो! झाली सही?"

"नाही. होणारही नाही. तुला एकट्याला हिंडायला हवं असेल तर तुझ्या एकट्याच्या पैशाने घे, सगळ्यांचं म्हणून माझ्या गळ्यात मारू नकोस."

"एवढ्याशा गोष्टीवरून? अगं, लेकीकडे कशी जाणार मग तू?"

"बसने. दुपारच्या. सोमवारपासून तपासणी खात्यात तू बसायचंस."

"मी? मला काय कळतं त्यातलं? ताई, परवा चाळीस काटे जायचेत!"

"मग लवकर शीक."

तो माझ्यामागे दारापर्यंत आला. चेहऱ्यावरचा लाल रंग उतरला होता आणि लहानपणी रडायच्या आधी दिसायचा तसा तो दिसत होता. मला त्याची दयासुद्धा आली, काय करणार, भाऊच तो. पण मी थांबले नाही.

"पण किती दिवस, ते तरी सांग," तो म्हणाला.

"बाळ मला बघून रडायचं थांबेपर्यंत."