जावयानं तार कापली

माझा जावई वाईट माणूस नाही. दारू पीत नाही, आवाज चढवत नाही, बायकोवर जीव आहे. पण त्याला एक खोड आहे आणि ती मला दारूपेक्षा महाग पडते. तो आधी करतो आणि मग सांगतो. भिंतीला भोक पाडून झाल्यावर विचारणार, "आई, इथे खिळा ठोकू का?"

त्या दिवशी सकाळी दहाला तो माझ्या शिवणाच्या खोलीत आला तो खांद्यावर माझ्या लेकीची सायकल घेऊन. मागचं चाक काढलेलं, पायडल काढलेली, आणि तोंड असं की कोरा पेपर देऊन आलाय.

"आई, तुमच्याकडे लांब, बारीक तार मिळेल?"

"मी कपडे शिवते, कुंपणं घालत नाही. काय करून ठेवलंत ते सांगा."

माझ्या लेकीला आम्ही भिंगरी म्हणतो. दहा वर्षं शर्यतीची सायकल चालवली तिनं. दोन वर्षांपूर्वी डब्यांच्या कारखान्यात उजवा हात यंत्रात सापडला. बोटं वाचली, बोटांतला जोर गेला. मागचे गिअर उजव्या हाताच्या खटक्यानं बदलतात आणि तो खटका नेट लावून ढकलावा लागतो. तिला तो ढकलवेना. चढावर गिअर बदलता येत नसेल तर पायांत घोड्याचं बळ असून काय चाटायचंय? क्लबच्या संघातली जागा गेली. ती आता पुन्हा रिकामी झाली होती. प्रशिक्षकाचा निरोप होता: आज चार वाजता, टेकडीचा रस्ता, बावीस मिनिटांच्या आत वर ये, जागा तुझी. नाहीतर दुसरी मुलगी ठरलेली आहे.

यावर उपाय म्हणजे विजेवरचे गिअर. बटणाला बोट टेकलं की झालं, चेन सरकवायचं काम मोटार करते. पण नवा संच सायकलीहून महाग. म्हणून जावयानं फोनवर शोधशोधून जुने तुकडे जमवले. बटणं एकाची, मोटार दुसऱ्याची, बॅटरी तिसऱ्याची. पुढे दात्यांचं एकच चक्र ठेवलं, तिथली मोटार वाचली. इथपर्यंत अक्कल ठिकाणावर होती.

मग पठ्ठ्यानं सायकलीच्या नळीतली जुन्या खटक्याची तार कापली आणि ओढून बाहेर काढली. नवी वायर त्याच नळीतून जायची होती, हँडलपासून पायडलपर्यंत, तिथून मागच्या चाकापर्यंत. दोन्ही टोकांना वाटाण्याएवढं भोक, मध्ये अंधार. सकाळी सहापासून तो वायर ढकलत होता आणि ती आतल्या आत वेटोळी घालून बसत होती.

"जावईबापू, पायजम्याची जुनी नाडी बदलताना काय करतात?"

"मी कधी बदलली नाही."

"नवी नाडी जुनीच्या शेपटाला टाचायची आणि मग जुनी ओढायची. चौथीत शाळा सोडलेल्या बाईला हे कळतं."

"व्हिडिओत होतं बहुतेक. तेवढा भाग मी पुढे ढकलला."

"मग आता जुनी तारच परत घाला. निदान सायकल चालेल."

तो खाली बघायला लागला. "जुने खटके काल विकले, आई. त्यातच बॅटरी आली."

म्हणजे दोर कापलेले. भिंगरी एक वाजता कामावरून थेट सायकल न्यायला येणार होती. तोवर वायर गेली तर गेली, नाहीतर माझी लेक चार वाजता टेकडीखाली पायी उभी राहणार होती.

मी बोथट दाभण घेतलं, त्यात मेण लावलेला दोरा ओवला आणि जमिनीवरच्या टाचण्या गोळा करायचं माझं लोहचुंबक काढलं. नळी ॲल्युमिनियमची, चुंबकाच्या आड येत नाही. हँडलजवळच्या भोकातून दाभण आत सोडलं आणि चुंबक बाहेरून नळीवर टेकवून हळूहळू खाली आणू लागले. आत दाभण खरखरत चुंबकामागून येत होतं.

वीतभर आलं आणि आवाज थांबला.

"अडकलं?" तो म्हणाला.

"बोलू नका."

चुंबक मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं. दाभण सुटलं आणि आत कुठेतरी टणकन पडलं. दोरा सैल झाला. मी दोरा वर ओढला तर दाभण आडवं झालं, वरही येईना. शिलाईत सुई मोडली तर कापड टाकता येतं. सायकल कुठे टाकू? साडेअकरा झाले होते. जावयाच्या कपाळाचा घाम माझ्या कापायच्या टेबलावर पडला, तोही मी पुसू दिला नाही.

"उभी धरा. हँडल वर. आता तळहातानं नळीवर थापट्या मारा. पोराला ढेकर काढायला लावतो तशा."

त्यानं थापट्या मारल्या. मी चुंबक आडवं धरून वाट बघितली. दाभण आत वळलं, खर्र झालं आणि पायडलचा दांडा बसतो त्या पोकळीत टोक दिसलं. मी चिमट्यानं पकडलं आणि मगच श्वास सोडला. मागचा तुकडा आखूड होता, तो एका खेपेत झाला.

"वायर दोऱ्याला बांधा. टोकाच्या पिनेला, डोक्याला नको, मागे मानेला. डोकं उपटून येईल."

वायर गेली. बारा पन्नासला त्यानं जोडण्या केल्या आणि चाक, पायडल बसवली. भिंगरी आली ती धावतच. उजव्या हाताचं ते मेलेलं बोट बटणावर टेकवलं. झिप्. मागची चेन एक चक्र चढली. झिप्, झिप्. ती वेड्यासारखी हसत वर-खाली, वर-खाली करत राहिली.

जावई हसत नव्हता. तो हँडलखालच्या छोट्या दिव्याकडे बघत होता. दिवा हिरव्याचा लाल झाला आणि त्यानं पटकन सायकल तिच्या हातून घेतली. "पुरे गं, चार्जिंगला लावतो. तू खाऊन घे."

मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"काय लपवताय?"

"काही नाही."

"जावईबापू."

"बॅटरी म्हातारी आहे," तो भांड्यांकडे बघत म्हणाला. "भरते, टिकत नाही. काल रात्री टेबलावर जोडून बघितलं. पंधरा-वीस वेळा बदललं की लाल. नंतर मोटार थांबते, चेन असेल त्या चक्रावर राहते. पण आई, तिला सांगू नका. धीर सुटेल तिचा. वीस-बावीस मिनिटांचा तर प्रश्न आहे. चालेल."

माझ्या हातातलं फडकं तिथेच राहिलं. कारखान्याच्या मुकादमालाही ठाऊक होतं की यंत्राची जाळी ढिली आहे. काम थांबेल म्हणून पोरींना सांगितलं नाही. चालेल, म्हणाला होता. ते चाललं आणि माझ्या लेकीच्या बोटांवरून गेलं.

"तुम्ही सांगता की मी सांगू?"

तो भांड्यांकडून वळला. मग बाहेर गेला. मी दारात थांबले. त्यानं सगळं सांगितलं, खटके विकल्याचंसुद्धा. भिंगरीचा घास हातातच राहिला. वाटलं, आता ताट फेकते.

"नक्की किती वेळा?" तिनं विचारलं.

"पंधरा धर. त्यापुढे माझा भरवसा नाही."

"आणि मी आत्ता हौसेनं पंचवीस वेळा दाबलं. तुला तोंड नव्हतं?"

तिनं ताट सरकवलं, माझा खडू उचलला आणि कापायच्या टेबलावर टेकडीचा रस्ता काढला. पाच वळणं, मध्ये एक सपाट पट्टा. जिथे पूर्वी चाळीसदा गिअर बदलायची तिथे चौदा फुल्या मारल्या. बाकीचं पायांवर. चौदावी फुली शेवटच्या वळणाआधी.

"इथे बॅटरी बंद पडली तरी याच चक्रावर वर जाता येईल," ती म्हणाली. "जड जाईल. पण जाईन."

मी आणि जावई प्रशिक्षकाच्या गाडीतून वर गेलो. शेवटच्या वळणाच्या जरा वर, जिथे वेळ मोजणं संपतं तिथे उभे राहिलो. एकोणीस मिनिटं झाली तेव्हा ती खाली दिसली, मान खाली, खांदे डोलत. वळणाच्या अलीकडे तिचं बोट हललं. झिप्. चौदावं. चेन चढली. जावयानं श्वास सोडला.

वळण संपलं आणि रस्ता तिच्या हिशेबापेक्षा उभा निघाला. बोट पुन्हा हललं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. जावयानं डोळे मिटून घेतले. मी नाही मिटले. ती सीटवरून उठली, एकेक पायडल असं दाबत आली जसं कोणी चिखलातून पाय उपसतंय. सायकल जवळजवळ थांबली, मला वाटलं पडली. पडली नाही. आमच्यासमोरून गेली तेव्हा तिला आम्ही दिसलोसुद्धा नसू.

"एकवीस त्रेपन्न," प्रशिक्षक घड्याळ बघून म्हणाला. "पण शेवटी गिअर का नाही बदलला हिनं?"

भिंगरी रस्त्याकडेला आडवी पडून धापा टाकत होती. जावई तिच्याकडे धावायला निघाला, तेव्हा मी त्याचं मनगट धरलं.

"थांबा, जावईबापू, ऐकून जा. तार कापलीत तो गाढवपणा, तो मी माफ केला. पण तिला न सांगता या चढावर सोडणार होतात, ते माफ नाही. आज ती वर आली ती स्वतःच्या पायांनी. आणि तुम्ही माझ्या घरचे राहिलात ते निव्वळ दुपारी तोंड उघडलंत म्हणून. जा आता, पाणी द्या तिला."