उतारावर सुटणारा तिसरा

आमच्या घरात गिअरबॉक्स उघडणारी माणसं दोन, आणि दोन्ही बायका. एक माझी आई, दुसरी माझी बायको. मी नुसता चालवणारा. "बिघडवणारा कुणीतरी हवाच की," आई म्हणते, "नाहीतर आम्ही खाणार काय?"

आई हे काम तिच्या मोठ्या भावाकडे, म्हणजे माझ्या मामाकडे शिकली आणि मग तिनं स्वतःचं वर्कशॉप उभं केलं. गावातले सगळे ड्रायव्हर तिला मावशी म्हणतात. कुठलीही गाडी आली की ती आधी खाली शिरते, बॉक्सच्या तळाचा नट काढते, दोन थेंब तेल बोटांत चोळते आणि वास घेते. नटाच्या टोकाला लोहचुंबक असतं. त्यावर काळा मऊ लेप दिसला तर म्हणायची, झीज आहे, वयाप्रमाणे. चकचकीत तुकडे दिसले तर ड्रायव्हरकडे अशी बघायची की तो बिचारा न विचारताच सगळं कबूल करायचा.

मलाही तिनं सोडलं नाही. "क्लचवर पाय टेकवून बसू नकोस. गिअरच्या दांड्यावर हात ठेवून चालवू नकोस. ती काय म्हाताऱ्याची काठी आहे?"

माझी बायको लग्नाआधी कारखान्यात लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, चालवायची. लग्नानंतर आपणहून म्हणाली, मी वर्कशॉपमध्ये येते. आईनं तिला महिनोनमहिने नुसते सुटे भाग धुवायला लावले. ती धुवायची आणि प्रत्येक भाग उजेडाकडे धरून बघायची. एकदा संध्याकाळी आई मला हळूच म्हणाली, "पोरीला नजर आहे." तिच्यासमोर मात्र अवाक्षर नाही. कौतुक केलं की माणूस ढिला पडतो, असं आईचं मत.

मी टेकडीवरच्या इस्पितळाची बस चालवतो. वर जाताना नर्सेस, पेशंटचे नातेवाईक, डबे. येताना पुन्हा तेच. एका दुपारी भरल्या बसनं उतरत होतो. तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्याच रोधावर गाडी बेतात चालली होती. मोठ्या वळणाआधीच्या सपाटीला जरा ॲक्सिलरेटर दिला, वळणाच्या तोंडाशी पाय उचलला, आणि खटकन गिअर सुटला. गाडी मोकळी झाली. पण हातापायांना आईचं वळण होतं. ब्रेकवर पाय, क्लच, मध्येच इंजिनाला रेस, पुन्हा क्लच, आणि दुसरा घातला. गिअरचे दात किरकिरले, पण बसला. मागून एक आजीबाई म्हणाल्या, "हळू रे बाबा, अंडी आहेत पिशवीत." बाकी कुणाला काही कळलंही नाही.

बस सरळ आईकडे आणली. आगाराचे हेडमिस्त्रीही मागोमाग आले. "आता नवाच बॉक्स घालावा लागणार," ते म्हणाले.

"माणसाला शिंक आली म्हणून कुणी नाक बदलत नाही," आई म्हणाली. "ठेवा इथं."

तिनं तेल पाहिलं. स्वच्छ. चुंबकावर तुकडा नाही. तरी तिनं बॉक्स उतरवला, उघडला, तिसऱ्याचे दात बोटांनी चाचपले. गिअर जागेवर धरून ठेवणारी छोटी स्प्रिंग असते आणि तिच्या तोंडाशी एक गोळी. स्प्रिंग थकली की गिअर सुटतो. आईनं स्प्रिंग आणि गोळी दोन्ही नव्या घातल्या, बॉक्स चढवला आणि हात पुसत म्हणाली, "जा, फिरवून आण."

रिकामी बस घेऊन गेलो. त्याच वळणावर खटकन.

आईनं पुन्हा उतरवला. या वेळी गिअर सरकवणारा काटाही बदलला. पुन्हा तेच.

त्या दिवशी ती जेवायला बसली, पण भात नुसता चिवडत राहिली. शेजारचा स्पेअर पार्टवाला दारातून डोकावून म्हणाला, "मावशी, वय झालं आता. द्या सोडून." आईनं ताटातून मान वर केली नाही. तिनं ऐकून घेतलं याचंच मला जास्त वाईट वाटलं. एरवी तो दारातून धड परत गेला नसता.

ताटं उचलताना बायको म्हणाली, "आई, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"रागावणार. बोल."

"मला बसमध्ये बसून यायचंय. नुसतं बघायला."

आई पदर खोचून उठली. "चल, मीही येते."

ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनावर झाकण असतं, त्यावर बायको बसली, दांड्याकडे तोंड करून. आई मागच्या सीटवर. चढावर मी ॲक्सिलरेटर दाबला, सपाटीला सोडला, पुन्हा दाबला. बायकोनं दांड्याला हात लावला नाही. तिनं एक बोट त्याच्याशेजारी हवेत धरलं होतं, खुणेसारखं.

"दांडा हलतोय," ती म्हणाली.

"सगळ्याच गाड्यांचा हलतो," आई म्हणाली.

"हा थरथरत नाहीये, आई. सरकतोय. पाय दाबला की मागे, सोडला की पुढे. बघा ना."

आई पुढे वाकली. मी सोडलं, दाबलं, सोडलं. दांडा बोटाच्या जवळ यायचा, लांब जायचा.

"आतलं काही खराब असतं तर तो एकदम उडाला असता," बायको म्हणाली. "हा आधीपासून हळूहळू ओढला जातोय. मला वाटतं बॉक्सच हलतोय. अख्खा. आणि तो हलला की दांडा ओढला जाऊन गिअर सुटतो."

परत येताच बस वर्कशॉपमधल्या, गाडीखाली उभं राहून काम करायच्या खड्ड्यावर घेतली. आई आणि बायको दोघी खाली उतरल्या, मी दिवा धरला. गिअरबॉक्स चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, ज्या जाड रबरावर टेकतो, त्याला माउंटिंग म्हणतात. वरून ते ठणठणीत दिसत होतं. बायकोनं बॉक्सखाली पहार घातली आणि जोर लावला. बॉक्स उचलला गेला आणि रबरानं आ वासला. आतून आरपार फाटलेलं. पहार काढली की बॉक्सच्या वजनानं तोंड पुन्हा बंद, जसं काही झालंच नाही.

आईनं स्वतः पहार घेतली. पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं. फटीत बोट घालून पाहिलं.

"दोन्ही वेळा मीच हे काढलं आणि मीच बसवलं," ती म्हणाली. "या हातांनी."

"दाबलं की मिटतंय ना, म्हणून—"

"समजूत नको घालूस माझी. नवं रबर आण. आणि बोल्ट तूच आवळ."

बायकोनं नवं माउंटिंग बसवलं. आई शेजारी उभी राहून पाने हातात देत होती. आयुष्यात मी आईला दुसऱ्याच्या हातात पाना देताना पाहिलं नव्हतं.

चाचणीला हेडमिस्त्री स्वतः आले. त्या वळणावर त्यांनी मला मुद्दाम तीन-चारदा ॲक्सिलरेटर सोडायला लावला. तिसरा गिअर जागचा हलला नाही. वर्कशॉपला परत आलो तेव्हा दारात बरीच माणसं जमली होती, स्पेअर पार्टवालासुद्धा. हेडमिस्त्री खुशीत म्हणाले, "मावशी, अखेर तुमचाच हात!"

"माझा हात दोनदा चुकला," आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "हे माझ्या सुनेनं शोधलं. मी बॉक्स उघडून आत बघत बसले, हिनं बाहेर पाहिलं. नीट ओळखून ठेवा तिला."

बायकोची मान खाली गेली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी बसशेजारी नुसता उभा, आणि चालूच राहिलेलं इंजिन बंद करायचं मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी बस पुन्हा टेकडीवर निघाली. आई म्हणाली, भरल्या बसला कसा राहतो ते बघायला हवं, आणि सुनेला घेऊन पुढच्याच सीटवर बसली. गिअर बघायचं बाजूलाच राहिलं. पहिल्या थांब्यापासून तिनं मागच्या नर्सेसना सगळी हकीगत सांगायला सुरुवात केली, पहार, रबर, आ वासणं, हातवाऱ्यांसकट.

"आई, पुरे ना," बायको कुजबुजली.

"पुरे काय? मी माझं सांगतेय का? स्वतःचं सांगायला माणसानं लाजावं. सुनेचं सांगायला कसली लाज?"

एक नर्स पुढे वाकून म्हणाली, "मावशी, आमची गाडी रिव्हर्स घालताना किरकिरते हो. बाकी सगळे गिअर बरोबर पडतात. काय झालं असेल?"

आईनं तोंड उघडलं. मग मिटलं आणि शेजारी पाहिलं.

बायको मागे वळली. "आधी सांगा, गाडी पूर्ण थांबल्यावर क्लच दाबून जरा दम धरता, की दाबला की लगेच घालता?"

"लगेच घालतात हे. यांना कायम घाई."

सगळी बस हसली. बायको समजावून सांगू लागली, आणि आई हाताची घडी घालून, मान डोलावत ऐकत राहिली.