तिच्या वतीने

पोटावर चारच छिद्रे, तीही शर्टाच्या बटणाएवढी. त्यामुळे बायकोच्या दुखण्यावर घरात कोणाचाच विश्वास बसला नाही, आणि सर्वांत कमी बसला तो तिच्या वकील नवऱ्याचा. गर्भाशय काढण्याचे ऑपरेशन दुर्बिणीतून झाले होते. शुद्धीवर येताच ती म्हणाली होती, की उजवा हात उचलवत नाही. भुलीचा अंमल असेल, असे सांगून वकिलांनी तो मुद्दा निकालात काढला. नणंदेने टोमणा मारलाच, "ऑपरेशन पोटाचं आणि रजा हाताला. छान आहे, वहिनी."

टाके दाखवायला गेल्यावर सर्जनने काही तक्रार आहे का, असे विचारले. तिने तोंड उघडण्याआधीच वकील उत्तरले, की सगळे उत्तम आहे. पक्षकाराने बोलायचे नसते, ही त्यांची कोर्टातली सवय.

पुढे ती काम करायची त्या पार्लरमध्ये गिऱ्हाइकाचे केस वाळवताना ड्रायर तिच्या हातून निसटला, तेव्हा कुठे ती दोघे मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाईंसमोर येऊन बसली. बाईंनी हात तपासला आणि समजावले, की या ऑपरेशनात टेबल डोक्याकडून खाली झुकवतात. अंग घसरू नये म्हणून खांद्यांना आधार लावतात, आणि क्वचित त्या दाबाने मानेतून हातात जाणाऱ्या नसा ताणल्या जातात. मात्र तसे असेल तर ते शुद्धीवर येतानाच कळते.

"सर्जन म्हणतात, तक्रार नव्हती. नंतर सुरू झालं असेल, तर मानेचे मणके बघावे लागतील. कदाचित तिथलं ऑपरेशनही."

तिने नवऱ्याकडे पाहिले नाही. "नंतरच झालं असेल," ती म्हणाली.

खोटी साक्ष वकिलांनी आयुष्यभर ऐकली होती. पण आपल्याला वाचवण्यासाठी कोणी स्वतःची मान पुढे करावी, हे त्यांना नवे होते. ते डॉक्टरीणबाईंकडे वळले.

"तसं नाही. शुद्धीवर आल्या आल्याच सांगितलं तिनं. मी तिला बोलू दिलं नाही."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, हे त्यांना अधिक लागले. नसा बहुधा आपोआप सुधारतील, त्या म्हणाल्या. पण व्यायामाविना खांदा आखडला आहे, तो मोकळा होताना फार दुखेल. मग त्यांनी विचारले, "रात्री झोप लागते का?"

'लागते' हे उत्तर वकिलांच्या ओठांवर आले होते. ते त्यांनी गिळले.

ती आधी चाचरत बोलली, मग सलग: एका हाताने साडी कशी नेसते, कूस बदलताना यांची झोप मोडू नये म्हणून उशी कशी दातांत धरते. बरेच बोलली. त्यातले बहुतेक वकील पहिल्यांदाच ऐकत होते.