वरच्या फळीवरचे उंदीर

शिट्टी पहिल्यांदा ऐकू आली तेव्हा तिने सहज विचारलं, "सर, इथे काहीतरी बारीक वाजतंय का?"

सरांनी कान टवकारले. "नाही गं. काही नाही."

तिच्या दादाचं दुखणं असंच सुरू झालं होतं. जेवताना घास हातात धरून त्याने विचारलं होतं, "कुणी हाक मारली का?" कुणीच मारली नव्हती. पुढे डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया असं नाव दिलं, आणि त्या नावाच्या हात धुऊन मागे लागायचं म्हणून ही धाकटी प्रयोगशाळेत येऊन बसली.

काम तसं सरळ. काही उंदरांना औषध टोचून त्यांच्यात त्या आजारासारखी लक्षणं आणायची, काहींना नुसतं मिठाचं पाणी टोचायचं, आणि सगळ्यांच्या मेंदूत बसवलेल्या बारीक नळीतून थेंब थेंब द्रव काढून त्यातलं डोपामाइन, म्हणजे या आजारात चढणारं रसायन, मोजायचं. आता आपलंच मोजायची वेळ येते की काय, या धास्तीने तिची झोप उडाली. उंदरांच्या खोलीबाहेर पडलं की शिट्टी थांबायची, आत आलं की पुन्हा सुरू. तिने कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. आईला तर नाहीच. त्या माउलीने एकाचं निस्तरता निस्तरता केस पांढरे केले होते.

अशात एक दिवस सर तणतणत आले. "मिठाच्या पाण्यावरच्या उंदरांचं डोपामाइन एवढं चढतं कसं? औषधाची अदलाबदल केलीस की काय?"

केली नव्हती. तिने आकडे पुन्हा पाहिले. चढलेले सगळे वरच्या फळीवरचे. खालच्या फळीवरचे आपले शहाण्यासारखे होते तिथेच. आणि वरच्या फळीच्या डोक्यावर काय, तर नवाकोरा दिवा.

तिने दिवा बंद केला. शिट्टी गप्प. तरी विश्वास बसेना. डोक्यातली शिट्टीही होईल गप्प, तिचा काय नेम! दुसऱ्या दिवशीचे नमुने यंत्रात घालून ती श्वास रोखून बसली. वरच्या फळीचं डोपामाइन मुकाट्याने खाली आलं होतं.

सरांनी कपाळावर हात मारला. "नुसत्या त्रासानेही वाढतं ते. दिवाच शिट्टी मारत होता म्हणायचा! असले आवाज उंदरांना येतात, तुम्हा तरुणांनाही येतात. माझे कान साठीला आले, मला कुठले यायला!"

ती जिन्यात जाऊन मनसोक्त रडली आणि तिथूनच दादाला फोन लावला. औषधांमुळे हल्ली तो सावकाश बोलायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"खोलीबाहेर पडलीस की थांबायचा आवाज?"

"हो."

"मग मला विचारायचंस की, वेडे. माझे दाराशी कधी थांबले नाहीत."

तो पलीकडून हसला.

"सुटलीस बघ. आपल्या घरात एक नग पुरे आहे."