इत्तोचं नवं जॅकेट

मी हद्दूचं जॅकेट बोलतोय. मोटारसायकलवर घालायची जाड कातडी जॅकेटं जगात पुष्कळ असतील, पण हद्दूचं जॅकेट एकच, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. मला वाटेकरी खपत नाही.

माझा जन्म फेस शहरातला. एका बैलाचं कातडं आधी चुन्याच्या कुंडात पडलं, मग कबुतरांच्या विष्ठेच्या पाण्यात, मग झाडाच्या सालीच्या रंगात. तिथून ते मालीम तय्यबच्या दुकानात आलं. मालीम म्हणजे हातात कसब असलेला माणूस. तय्यब चपला आणि पिशव्या विकून पोट भरी, पण तरुणपणी स्वतः मोटारसायकल पळवलेली, म्हणून जीव ओतून शिवी ती जॅकेटं. मला त्यानं दुहेरी शिवण घातली, कोपरांत, खांद्यांत आणि पाठीत पॅड बसवली आणि मला खुंटीवर टांगलं.

शेजारच्या खुंटीवर मेंढीच्या कातड्याचं एक जॅकेट होतं. पातळ, लोण्यासारखं मऊ, छातीवर चकचकीत धातूच्या टिकल्या. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाचा हात आधी त्याच्याकडे जाई. माझी बाही कुणी उचललीच तर "काय जड आहे हो" म्हणून सोडून देई. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

हद्दूनेही आल्या आल्या त्या टिकलीवाल्यालाच हात घातला. उंच, सडपातळ, मिदेल्तचा डोंगरी माणूस. तय्यबने सुई न थांबवता विचारलं, "कुठं जायचंय? लग्नाला की रस्त्यावर?"

"रस्त्यावर. सफरचंदाच्या बागांतून कलमं बांधत फिरतो मी."

"मग ते ठेव खाली. मेंढीचं कातडं गालाला लावायला बरं, डांबराला नाही. आणि त्या टिकल्या. पडलास तर सगळ्या छातीत रुततील."

तय्यबने मला त्याच्या अंगावर चढवलं, त्याला बाकावर गाडीवर बसल्यासारखं बसवलं, हात पुढे करायला लावले. बाही मनगटाच्या वर सरकली नाही. कोपराचं पॅड कोपरावरच राहिलं. "आज आवळल्यासारखं वाटेल," तो म्हणाला. "महिनाभरात ते तुला ओळखेल. सैल घेतलंस तर कधीच ओळखणार नाही."

हद्दू मला घालूनच बाहेर पडला. टिकलीवालं खुंटीवर राहिलं. वळून बघता आलं असतं तर मी नक्की बघितलं असतं.

मिदेल्तच्या त्या घरात हद्दू, त्याची बायको यम्ना आणि मुलगी इत्तो असे तिघं. हिवाळा संपून झाडांत रस चढू लागला की हद्दू पेटीत कलमकाड्या ओल्या फडक्यात गुंडाळून निघे आणि बागा पालथ्या घाली. मी त्याला वाऱ्यापासून राखलं, बर्फाच्या कणांपासून राखलं. पण थंडी वाढली की तो माझ्यावरून लोकरीचा झगा चढवी आणि गावोगावचे लोक आदरानं "सी" लावून म्हणत, "सी हद्दू, झगा छान आहे." तिळपापड होई माझा. आतून ऊब देणारा मी आणि कौतुक त्या पांघरुणाचं.

इत्तोचा मात्र मला कधी राग आला नाही. लहान असताना ती त्याच्या मागे बसून गाल माझ्या पाठीवर टेकवी आणि झोपी जाई. मोठी झाल्यावर त्याच्याबरोबर झाडांना कलमं बांधू लागली. गाडीही शिकली. ती चालवायला बसली की हद्दू अंगणात तिच्या बाजूने धावत ओरडे, "क्लच सोड! सावकाश, म्हटलं ना!"

मग गेल्या शरदात, सफरचंदांची तोडणी उरकल्यावर, झैदा गावाकडच्या रस्त्यावर आम्ही पडलो. वळणावर ट्रकमधून सांडलेली खडी होती. चाक निसटलं आणि आम्ही डाव्या कुशीवर घसरत गेलो. माझी डावी बाही कोपरापाशी पार खरवडली, पाठीची शिवण उसवली, कातड्याचा वरचा थर डांबरावर राहिला. पण आत हद्दूच्या हाताला, खांद्याला, पाठीला ओरखडासुद्धा नव्हता. दवाखान्यातली बाई मला उलटसुलट करून बघत म्हणाली, "यानं वाचवलं तुम्हाला."

कमरेच्या खाली मात्र मी नव्हतो. तिथं होती साधी सुती विजार, पायांत उथळ बूट. पाय दोन ठिकाणी मोडला. प्लास्टर निघालं तेव्हा गुडघा पुरता वळत नव्हता. गियर टाकायचा तोच पाय.

मला सफरचंदांच्या कोठीत खिळ्याला अडकवलं. खोक्यांच्या वासात हिवाळाभर लटकत होतो. हद्दू कधीमधी काठी टेकत यायचा, माझ्या फाटक्या बाहीवरून अंगठा फिरवायचा आणि जायचा.

हिवाळा उतरायला लागला तसे बागवाल्यांचे फोन सुरू झाले. एका संध्याकाळी सगळे कोठीत सफरचंदं निवडत बसले होते. इत्तो म्हणाली, "बाबा, यंदा मी जाते."

हद्दू नासकी फळं बाजूला टाकत राहिला. "आणि अंगात काय घालशील?"

"हे आहे की तुझं," म्हणून तिनं मला खाली काढून अंगात घातलं.

मी सुखावलो. पण बाह्या तिच्या बोटांच्या टोकापर्यंत आल्या आणि कोपराचं पॅड मनगटाकडे घसरलं. हद्दूने ते चिमटीत धरून फिरवलं. ते सहज गोल फिरलं.

"पडलीस तर हे एकीकडे आणि तुझं कोपर एकीकडे," तो म्हणाला. "शिवाय ते एकदा पडून झालंय. तुझ्या मापाचं मिळालं तर जाशील. नाही मिळालं तर नाही."

"मिळेल," यम्ना म्हणाली. "पोरगी काही हत्तीच्या मापाची नाही."

दुसऱ्या जॅकेटाचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

आम्ही बसने मेक्नेसला गेलो. हद्दूकडे दुसरा धड कोट नव्हता म्हणून फाटक्या बाहीसकट मीच त्याच्या अंगात होतो. त्यामुळे पुढचं सगळं मला अगदी जवळून बघावं लागलं. इत्तो एकेक चढवी, आरशापुढे उभी राही, आणि प्रत्येक वेळी मी आतल्या आत कुढे. ती हसली की जास्तच.

पण हद्दू माझ्या बाजूने होता. पहिलं त्यानं चिमटीत धरलं आणि टाकलं, "पापुद्रा आहे नुसता." दुसऱ्याची शिवण एकेरी. तिसऱ्याच्या पाठीत पॅड नव्हतं. चौथं इत्तोला फार आवडलं, तर त्यानं तिला स्टुलावर बसवून पुढे वाकायला लावलं आणि कमर उघडी पडलेली दाखवली. दुकानदार वैतागला.

"अहो, मुलीला मोटारसायकलवर पाठवताय की लढाईवर?"

"तुमचं काय जातंय? पडणार ती आहे."

दुसऱ्या दुकानात तेच, तिसऱ्यातही तेच. मी खुशीत होतो. प्रत्येक नकारानिशी माझी जागा पक्की होत होती. हातापायांची सोय मात्र त्यानं खळखळ न करता केली. गुडघ्यांत पॅड असलेली कातडी विजार, घोट्याच्या वर येणारे बूट, मनगटाला पट्ट्याने आवळणारे हातमोजे, सगळं घेतलं. अडलं ते जॅकेटापाशी.

घरी आल्यावर यम्ना बिसाऱ्याच्या, कडधान्याच्या दाट साराच्या, वाडग्यावर तेल सोडत म्हणाली, "रस चढायला लागलाय. अजून आठवडाभर जॅकेटं नाकारत बसलास तर झाडं काही थांबणार नाहीत."

"मी तिच्या जिवाचं बघतोय."

"तिच्या जिवाचंच ना?" एवढंच बोलून ती भाकरी मोडू लागली.

शेवटी फेस. तय्यब आता म्हातारा झाला होता, चष्म्याच्या काचा जाड झाल्या होत्या. त्यानं मला मात्र बाहीवरून लगेच ओळखलं. "काम केलंन यानं," तो म्हणाला. मग इत्तोची मापं घेतली, आत गेला आणि एक जॅकेट घेऊन आला. तपकिरी. जाड गाईचं कातडं. "बाह्या जरा आत घेतो. बाकी बघून घे, हद्दू."

इत्तोने ते घातलं. हद्दूने चिमटीत धरलं, दोन्ही हातांनी शिवणी ताणल्या, चेन वरखाली केली. तिला त्याच जुन्या बाकावर बसवलं, हात पुढे करायला लावले. कोपराचं पॅड पिळून बघितलं, हललं नाही. कमर झाकलेली होती. मी श्वास रोखून खोट शोधत होतो. हद्दूही शोधत होता, कारण माझ्या आतला त्याचा दंड ताठ झाला होता.

"रंग बरा नाही," तो म्हणाला.

तय्यबने चष्मा काढला. इत्तो बाकावरून उठली नाही.

"बाबा, मी जाऊ नये असं वाटत असेल तर तसं म्हण. मी ऐकेन किंवा भांडेन. पण जॅकेटाच्या आडून बोलू नकोस."

हद्दूने काठी दुसऱ्या हातात घेतली.

"तू परवा गाडी चालू केलीस ना, अंगणात," तो म्हणाला, "मला वाटलं कुणी माझ्या हातातला घास काढून घेतला. रस्ता माझा आहे, इत्तो. ती झाडं माझ्या हातची आहेत. तू जाशील, कलमं बांधशील, आणि लोक म्हणतील हद्दूपेक्षा पोरीचं कलम चांगलं धरतं. आणि ते खोटंही नसेल."

म्हणजे मी एकटा जळत नव्हतो. माझ्या आतला माणूसही इतके दिवस तेच करत होता, आणि मला वाटत होतं तो माझी जागा राखतोय.

इत्तो जवळ आली. "मग मागे बस माझ्या. कुठल्या झाडावर काय बांधलंयस ते तुझ्याशिवाय मला कोण सांगणार?"

"बापानं पोरीच्या मागे बसायचं? सगळं मिदेल्त हसेल."

"हसेल," तय्यब म्हणाला. "काय दात पडणारेत तुझे? तुझा हा जुनापुराणाही काढ इकडे. बाही नवी घालून देतो."

हद्दूने मला अंगातून काढून तय्यबच्या हातात दिलं आणि तपकिरीकडे बोट केलं. "त्याच्या पाठीत अजून एक थर घाल."

तय्यबने माझी डावी बाही उसवून नवी शिवली. कातडं कुठलं लावलं? ज्या कातड्याचं ते तपकिरी, त्याच्याच उरल्या तुकड्यातलं. म्हणजे आम्ही नात्यातले झालो. आता भाऊबंदकी आली म्हणजे भांडण आलंच.

सुरुवातीचे दिवस इत्तो एकटीच गेली. हद्दू मला घालून अंगणाच्या भिंतीवर बसून राही. संध्याकाळी ते तपकिरी परत येई, बाह्यांवर चिखल, कॉलरवर झाडाचा चीक, खिशात सालींचे तुकडे. तो सगळा वास माझा होता. मी भिंतीवर बसून कडकडीत कोरडा. टिकलीवाल्याचा मला नुसता हेवा वाटला होता, याचा तर द्वेष वाटू लागला.

"वरच्या बागेतलं ते म्हातारं झाड," एकदा इत्तो जेवताना म्हणाली, "त्याचा खालचा खुंट कुठल्या जातीचा ते मला कळेना. तसंच सोडून आले."

हद्दूने घास खाली ठेवला. "सोडून आलीस? त्यावर काय बांधायचं ते मला ठाऊक आहे."

"तुला ठाऊक असून मला काय उपयोग? तू इथे बसलायस."

सकाळी त्यानं यम्नाला हाक मारून कातडी विजार मागितली; आपल्या मापाची एक त्यानं फेसहून येतानाच तय्यबकडून गुपचूप आणली होती. यम्नाने हेल्मेटचा पट्टा लावून दिला. "नीट धरून बस," ती म्हणाली, "आणि तिला गाडी शिकवू नकोस." शेजारची माणसं दारात येऊन उभी राहिली. एकजण हसलाही. हद्दूने अवघडलेला पाय हाताने उचलून पलीकडे टाकला आणि बसला.

आता रोज असंच असतं. माझी छाती त्या तपकिरीच्या पाठीला चिकटलेली, चढावर जास्तच. पुढचा वारा ते खातं, पहिला पाऊस ते झेलतं, आणि बागवाले विचारतात, "इत्तो, कुठून घेतलंस गं हे?" माझ्याकडे कुणी बघत नाही. मला अजूनही ते आवडत नाही, आवडेल असं वाटतही नाही.

पण तुम्ही कधी असं काही निवडायला गेलात तर घाई करू नका. चिमटीत धरून बघा, वाकून बघा, शिवणी ताणून बघा, आणि मनात दुसरंच काही असेल तर ते आधी बोलून टाका.

काल झैद्याच्या वळणावर हद्दूचे दोन्ही हात त्या तपकिरीच्या कमरेला घट्ट धरून होते. माझ्या माणसाचे हात, त्याच्या अंगावर. जळलो तर मी होतोच. पण रस्त्यावर खडी दिसली, इत्तोने वेग कमी केला, आणि माझ्या मनात दुसरं काहीच आलं नाही. फक्त एवढंच, त्या तपकिरीच्या शिवणी टिकू देत.